दोन पुरुषांच्या प्रेमकथेत ते दोघं एकमेकांसमोर बसतात कधी?

शहापूरचा_वाचक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या आपल्या पट्ट्यातल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. बाकीच्यांचंही स्वागत आहे. मी गे आहे, शहापुरात राहतो, आणि दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा मिळतील तिथून वाचतो. मराठीत त्या आता बऱ्यापैकी लिहिल्या जातात, मोबाईलवर तर रोज नवा भाग येतो. पण वाचून झालं की मला एक गोष्ट सतत खुपते.

या कथांत दोघांच्या मधे कायम कुणीतरी तिसरं उभं असतं. आई, बाप, भावकी, सांगून आलेलं स्थळ. २०१८ पूर्वीच्या कथांत पोलीस आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. कथेचा सगळा जीव त्या तिसऱ्याशी झगडण्यात जातो. घरच्यांनी मान्य केलं की शेवट गोड, नाही केलं की एकाचा बळी. पण हे दोघं एकमेकांना काय सांगतात? एकाला दुसऱ्यापुढे कशाची लाज वाटते? ते पान लिहिलेलंच नसतं. चांगल्या कलाकृतींतही बोलणारं माणूस वेगळंच असतं, नाहीतर ऐकणारा निघून गेलेला असतो. चेतन दातारांचं 'एक माधव बाग' हे नाटक मला फार जवळचं आहे, पण तिथे बोलते ती आई. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत (२००६) तनय ज्याला 'तू' म्हणून सगळं सांगतो, तो तोवर घर सोडून गेलेला आहे. समोर असता तर तनय यातलं किती बोलला असता?

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. इथे पुरुषांना एकमेकांच्या अंगाशी असायला बंदी नाही. खडेबाजारातून दोन पोरं गळ्यात हात टाकून चालली तर कुणी वळून बघत नाही. गणपतीच्या मांडवात राखणीला थांबलेली पाच पोरं एका ताडपत्रीवर झोपतात. एका गाडीवर तिघं राकसकोपला जातात आणि मागच्याची हनुवटी मधल्याच्या खांद्यावर असते. म्हणून परदेशी कथेतला 'पहिल्यांदा हात हातात आला' हा कळसाचा प्रसंग तसाच उचलून बेळगावात आणला की मला पटत नाही. आपल्याकडे हात हातात येणं सोपं आहे. 'मला भीती वाटायलीय, आज जाऊ नको' एवढं म्हणणं अवघड. अ‍ॅपवरून भेटून लॉजवर रात्र काढणारे आणि सकाळी एकमेकांचं खरं नावही न विचारता निघणारे किती तरी जण मला माहीत आहेत.

ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी सचिव होता. त्याच्या कितीतरी आधी, १९१३-१४ मध्ये, त्याने 'मॉरिस' ही कादंबरी लिहून ठेवली होती. हयातीत छापली नाही. १९७० मध्ये तो वारला आणि १९७१ मध्ये ती बाहेर आली. दोन पुरुषांना तिच्यात सुखाचा शेवट मिळतो म्हणून ती नावाजली जाते. मला तिच्यातलं दुसरंच काही मोठं वाटतं. मॉरिसचं पहिलं प्रेम केंब्रिजच्या मित्रावर. दोघं प्लेटोवर बोलतात, रोज भेटतात, आणि तरी मॉरिस एकटाच राहतो. मग एका रात्री तो खिडकीतून अंधारात नुसतीच हाक मारतो, ये म्हणून. कुणाला, ते त्यालाही धड ठाऊक नसतं. तिथल्या रानाचा राखणदार ती हाक ऐकतो आणि शिडीवरून वर येतो. मॉरिसने हाक मारली नसती तर ती शिडी कुणी चढलंच नसतं.

तर वाचलेल्या, लिहिलेल्या किंवा स्वतः जगलेल्या अशा हाकेबद्दल लिहा. अंथरुणातले प्रसंग वर्ज्य नाहीत, पण ते लिहिणारे पुष्कळ आहेत.


मलप्रभा

मी बाई आहे, खानापूर तालुक्यातली, आणि बरीच वर्षं बीएल (बॉईज लव्ह, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमकथा) वाचते. 'बायकांना यात काय रस' हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते, हा प्रकार बायकांनीच उभा केला आहे. १९७० च्या दशकात जपानमध्ये मोटो हागिओ, केइको ताकेमिया अशा चित्रकथाकार स्त्रियांनी मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा मुलींच्या मासिकांत आणल्या. त्याच दशकात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्या बायका तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहून घरगुती पुस्तिकांतून एकमेकींना पाठवत होत्या. आज आपण बघतो त्या थायलंडच्या मालिकांचं मूळ जपानी कथांत आहे. थायलंडमध्ये तर २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांचं, दोन बायकांचं लग्न कायद्याने होतं.

मला यात काय मिळतं ते सांगते. आमच्या घरातला पुरुष मी कधी कुणापुढे गळून पडलेला पाहिला नाही. आजी गेली तेव्हा वडील रडले, तेही गोठ्यात जाऊन. नवरा-बायकोच्या कथेत पुरुषाचं मन ओळखणं हे बाईचं काम. तो बोलणार नाही, तिने समजून घ्यायचं. दोन पुरुषांच्या कथेत हे काम करायला बाईच नसते, मग दोघांतल्या एकाला तरी ते शिकावं लागतं. त्याला ते शिकताना बघायला मला आवडतं.

चाहत्यांच्या कथांत हर्ट-कम्फर्ट नावाचा एक मोठा प्रकार आहे. एकाला जखम, ताप, वाईट स्वप्नं. दुसरा त्याची सेवा करतो. धागाकर्ते जे पान शोधतायत ते तिथे हमखास असतं. लोक त्याला रडकं म्हणून हिणवतात, ते मला पटत नाही. आजारी माणसाचं तोंड पुसणं, त्याला धरून न्हाणीपर्यंत नेणं, हे पुरुषाने पुरुषासाठी केलेलं मराठीत दुसरीकडे कुठे वाचायला मिळतं?


उद्यमबाग_फिटर

मी वडगावात ऱ्हातो, उद्यमबागला कामाला हाय. लिहायची सवय न्हाई, समजून घ्या.

मलप्रभा आक्का, तुमचं बरोबर हाय, खरं एक सांगतो. आम्ही दोघं एका खोलीत ऱ्हातोय. खाली मालकीणकाकू, त्यांना दोस्त म्हणून म्हाईत. ताप आला की मला सगळं मिळतंय. कपाळावर पट्टी, पेज, पाय दाबून देणं. ताप उतरला की परत ज्याचा त्याचा मोबाईल. म्हणजे जवळ घ्यायला निमित्त लागतंय. तुमच्या त्या कथा वाचून असं वाटायला लागतंय की गडी आजारी पडल्याशिवाय त्याला कोण कुरवाळायचंच न्हाई. धडधाकट माणसाला पण वाटतंय की कुणीतरी डोक्यावरनं हात फिरवावा.

आता माझंच सांगतो. मागं एका ठिकाणी कामाला होतो, तिथलं काम बंद पडलं, पगार तटला. मी ह्याला सांगितलं न्हाई. रोज डबा घेऊन निघायचो आणि व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडाखाली बसायचो. भाड्यातला माझा वाटा उसना घेऊन दिला. ह्याला कळलं चहाच्या टपरीवाल्याकडनं. लई भांडलो. मला वाटलं पैशासाठी चिडलाय. तो म्हणाला, "मी रोज सकाळी उठून तुझा डबा भरत होतो रे." तेवढंच. अंगावर कपडा नसताना ह्याच्यापुढं मला कधी लाज वाटली न्हाई. त्या दिवशी वाटली.

तर प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी पैशाचं लिहावं. कुणाच्याच कथेत कुणाचा हप्ता थकलेला नसतोय.


शहापूरचा_वाचक

फिटरदादा, सवय नाही म्हणता आणि अख्ख्या धाग्याचा गाभा लिहून गेलात. वाचलेल्या कथा आठवतोय. बहुतेकांत एक जण कंपनीचा मालक नाहीतर डॉक्टर, दुसऱ्याच्या पैशाची चिंता लेखकानेच मिटवलेली. दोघंही महिन्याच्या पंचवीस तारखेला हिशेब करत बसलेत अशी एकही कथा आठवत नाही. वडगाव-शहापूरच्या मागावर काम करणारा नायक तर मी अजून वाचायचाच आहे.


दोन्ही_भाषा

चिकोडीचा आहे. घरी कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे दोन्हीकडचं वाचतो. कन्नडमध्ये वसुधेंद्र यांचा 'मोहनस्वामी' हा कथासंग्रह २०१३ मध्ये आला, २०१६ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. लेखक स्वतः गे असल्याचं उघडपणे सांगतात. त्यातल्या मोहनस्वामीचा जोडीदार कार्तिक एका मुलीशी लग्न करायचं ठरवून निघून जातो. मोहनस्वामी आतून-बाहेरून उघडा, कार्तिक मिटलेला. ही असमानता मला फार खरी वाटली. पुष्कळ जोड्यांत हाक मारणारा एकच असतो.

मी स्वतः एक दीर्घकथा लिहितोय, मत हवंय. बेळगावात दोघं एका खोलीत राहतात, एक मराठी, एक कन्नड. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, एक जण मराठी भाषकांच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत, दुसरा राज्योत्सवाच्या मिरवणुकीत चन्नम्मा चौकात लाल-पिवळा कन्नड ध्वज घेऊन. संध्याकाळी दोघं एकाच खोलीत परततात आणि कडाक्याचं भांडतात. तो कथेचा मध्य आहे.


शहापूरचा_वाचक

प्रसंग दिसायला जोरदार आहे, पण हा पुन्हा तिसराच झाला. आईबापाच्या जागी सीमाप्रश्न. १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, इतकं सगळं खोलीत आणून ठेवलं की त्या दोघांना स्वतःचं काही बोलायलाच नको. ते राज्यांवरून भांडतील आणि वाचकाला वाटेल की मनातलं बोलले.


दोन्ही_भाषा

मान्य नाही. आपल्याकडे तो विषय बाहेरचा नसतो. दुकानाच्या पाटीपासून मुलाच्या शाळेपर्यंत तो घरातच असतो. शिवाय कथेतली मुख्य गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

मराठी नायकाला कन्नड चांगलं समजतं. पण जोडीदाराला त्याने हे कधी कळू दिलेलं नाही. सुरुवातीला गंमत म्हणून लपवलं. मग एकदा जोडीदाराच्या आईचा फोन आला. ती मुलींची स्थळं सांगत होती आणि हा शेजारी कांदा चिरत सगळं ऐकत होता. जोडीदार नाही म्हणाला नाही. 'नोडोण' म्हणाला, म्हणजे बघू. त्या दिवसापासून याला 'मला कळतं' हे सांगणं जड झालं. आता आईचा फोन आला की हा काही न कळल्यासारखा चेहरा करून समोर बसतो आणि फोन संपल्यावर हसून विचारतो, 'काय म्हणाली आई?' १ नोव्हेंबरच्या भांडणात रागाच्या भरात याच्या तोंडून अख्खं कन्नड वाक्य निघून जातं. 'मला कन्नड येत नाही' असं वर्षानुवर्षं म्हणणारा मराठी माणूस बेळगावातच खपून जाईल. दुसऱ्या गावी हे लपवणं कुणाला खरं वाटलं नसतं.


मलप्रभा

आता कथा सापडली! फक्त ते वाक्य रागात निसटू देऊ नका. निसटलं म्हणजे त्याने काहीच ठरवलं नाही, अपघाताने ठरवलं. त्याने शांत वेळी, स्वतःहून सांगायला हवं. सांगितलं तर 'इतके दिवस का लपवलंस' हा प्रश्न येणार हे पक्कं माहीत असताना सांगायला हवं.


जुना_कॅम्प

मी साठी ओलांडलेला माणूस आहे. लग्न झालेलं, मुली आपापल्या घरी नांदतायत. कॅम्पात वाढलो. या विषयावर कुठेही लिहायची ही पहिलीच वेळ.

धागाकर्त्यांचं एक गृहीत मला मान्य नाही. उघडं होणं म्हणजे बोलणं, हे कुणी ठरवलं? मला एक मित्र होता. दोघांचीही रीतसर लग्नं झाली. संध्याकाळी आम्ही किल्ला तलावावर बसायचो. प्रेम हा शब्द कधी कुणाच्या तोंडून निघाला नाही. पण त्याच्या वडिलांचं कर्ज, नोकरीत झालेला अपमान, त्याची साखर वाढलेली, हे सगळं त्याच्या घरच्यांच्या आधी मला माहीत असायचं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी मांडवात राबलो. त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटीच्या वेळेत एकालाच आत सोडत होते. वहिनींनी मला पाठवलं आणि त्या बाहेर बाकावर बसून राहिल्या. त्यांना काय माहीत होतं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

रडण्याबद्दलही लिहितो. आमच्या लहानपणी 'वेगळा' पुरुष म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर एकच रूप होतं. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगप्पा, साडी नेसलेले, देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती बसवलेली टोपली, डोक्यावर घेतलेले. त्यांची भक्ती, त्यांची गाणी, गावोगाव मिळणारा मान आणि होणारी विटंबना, हे मी मोठेपणी समजून घेतलं. घरात मात्र त्यांचं नाव धाकासाठी घेतलं जायचं. पोरगा रडला, जरा मऊ बोलला, की 'डोंगरावर सोडून येऊ' म्हणायचे. हा धाक पोटात घेऊन वाढलेली दोन मुलं पुढे एकमेकांवर जीव लावून बसली तरी आवाज जाडच ठेवतात. बापाला कळेल ही भीती असतेच. समोरचाही आपल्याला बायल्या समजेल ही भीती तिच्याहून मोठी. माझ्या मित्राला मी एकदाच रडताना पाहिलं आणि मान फिरवली, त्याला अवघड होऊ नये म्हणून. ती मी अजूनही माया समजतो.


शहापूरचा_वाचक

काका, तुम्ही इथे लिहिलंत हे आमच्यासाठी फार मोठं आहे. एक विचारू का? नको वाटलं तर उत्तर देऊ नका. बोलायची सोय असती, तर तुम्ही बोलला असतात?


जुना_कॅम्प

हो.

२००९ च्या जुलैत, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर घेऊन मी तलावावर गेलो होतो. त्याने बातमी शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "पोरांचं बरं होईल." २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला तेव्हा आम्ही त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. सर्वोच्च न्यायालयानेच तो गुन्हा पुन्हा रद्द केला, तो ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल बघायला माझा मित्र राहिला नाही.

म्हणून तुम्ही तरुणांनी बोलावंच. फक्त आमचं जे होतं त्याला अर्धवट प्रेम म्हणू नका. कथा लिहिणाऱ्यांनी न बोलणाऱ्या माणसांनाही जागा द्यावी.


हिरण्यकेशी

मी समुपदेशक आहे, संकेश्वर आणि बेळगाव दोन्हीकडे काम करते. कुणाची गोष्ट सांगणार नाही, एकूण जे दिसतं ते सांगते.

इलन मेयर या संशोधकाने २००३ मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांवरच्या ताणाची मांडणी केली. बाहेरून होणारी हेटाळणी हा त्याचा एक भाग. उरलेला भाग माणसाच्या आत चालतो. आपल्याला नाकारतील ही सततची अपेक्षा, स्वतःला लपवणं, आणि समाजाची घृणा स्वतःबद्दल मनात मुरणं. लपवायची सवय खोलीचं दार लावल्यावर सुटत नाही. दिवसभर बोलण्यात 'तो'च्या जागी 'ती' म्हणणारा, मोबाईल पालथा ठेवणारा माणूस रात्री जोडीदारासमोर बसला तरी स्वतःवर पाळत ठेवूनच असतो. फिटरदादांनी पगार लपवला, त्यात मला हेच दिसतं. कमी पडलो की टाकून देतील, हे मनात फार लवकर रुजलेलं असतं. दोघंही पुरुष असले की दोघांनाही 'कमावता' असण्याचा धाक असतो, आणि तो धाक कमी करणारं घरात कुणी नसतं.

लिहिणाऱ्यांना एक विनंती. सांगणाऱ्याबद्दल सगळे लिहितात, ऐकणाऱ्याबद्दल कुणी लिहीत नाही. कथेतला ऐकणारा लगेच मिठी मारतो आणि नेमकं हवं ते बोलतो. खऱ्या खोलीतला ऐकणारा गोंधळतो. चहा टाकायला उठतो. 'लई विचार करतोस' म्हणून विषय बदलतो आणि दोन दिवसांनी भांडी घासताना तोच विषय परत काढतो. त्या मधल्या दोन दिवसांबद्दल लिहा.

उघडं होण्याची सक्तीही नको. मी सांगितलं, आता तूही सांग, असं झालं की नात्यात वसुली सुरू होते. विश्वासाने सांगितलेलं भांडणात फेकून मारणं, तुझ्या घरी कळवीन म्हणणं, ही हिंसा आहे. काही प्रेमकथांत ती उत्कटता म्हणून रंगवलेली असते, ते वाचून मला फार त्रास होतो. वाचणाऱ्यांत कोवळी मुलं असतात.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचीही (२०१७) माहिती देते. कलम १४ प्रमाणे कुठलीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच हवा असं बंधन नाही. मानसिक आजारात मला माझं ठरवता येईनासं झालं तर माझ्या बाजूने कोण उभं राहील, हे त्यात ठरतं. 'मी कोलमडलो तर तू माझ्या वतीने बोल', असं कुणी कुणाला म्हणाल्याचं मी अजून एकाही प्रेमकथेत वाचलेलं नाही.

कुणाला आत्ता बोलायची गरज असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत सेवा आहे. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला ते आजारांच्या यादीतून काढलं. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका.


निपाणीकर_आक्का

मी बँकेतून निवृत्त झाले. माझा मुलगा गे आहे, जोडीदाराबरोबर पुण्यात राहतो. या कथांतली आई एकतर छळणारी नाहीतर देवी, त्यामुळे मला त्या वाचवत नाहीत.

बँकेचं मला माहीत आहे ते सांगते. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. पण ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्वीअर (समलिंगी, ट्रान्स अशा) व्यक्तींना जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढायला आणि त्याला नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. मुलांनो, हे करून घ्या. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, पण कायदेशीर वारस त्यावर हक्क सांगू शकतात. म्हणून मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं.

माझ्या मुलाने जोडीदाराला नॉमिनी केलं तेव्हा मला फोन करून म्हणाला, "आई, तुझं नाव काढलं, तुला वाईट वाटलं का?" आम्ही दोघं त्या दिवशी जेवढं बोललो तेवढं त्याने मला पहिल्यांदा सगळं सांगितलं त्या दिवशीही बोललो नव्हतो. लिहायचं असेल तर बँकेच्या काउंटरवरचा प्रसंग लिहा.


दोन्ही_भाषा

सगळ्यांचं वाचून मधला प्रसंग नव्याने लिहिलाय. टाकतो.

सायकल जिन्याखाली लावून तो वर आला. दुसरा आधीच आला होता. लाल-पिवळं उपरणं खिळ्याला अडकवलेलं. याने दंडावरची काळी फीत सोडून खिशात घातली.
"जेवलास?"
"न्हाई. तू येशील म्हणून थांबलो."
दोघं जेवायला बसले. भाकरी मोडताना हा म्हणाला, "आईचा फोन आलता काय?"
"आलता. सहजच."
"सहज न्हाई. गोकाकच्या पोरीचं विचारत असंल."
दुसऱ्याचा हात थांबला.
"मला कन्नड कळतंय," हा म्हणाला. "पहिल्यापासनं. तू 'नोडोण' म्हणालास तवा मी हितंच कांदा चिरत होतो. तुला विचारायला भ्यालो. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."
दुसऱ्याने ताट बाजूला सारलं आणि त्याला घट्ट मिठी मारली.


उद्यमबाग_फिटर

"तू खरं सांगितलं असतंस" हे वाचून अंगावर काटा आला. पण ती मिठी काढून टाका. आमच्यातला कोणबी असा लगेच मिठी मारायचा न्हाई. तो पहिलं चिडंल. म्हणंल, "मग फोन झाल्यावर हसत हसत 'काय म्हणाली आई' कसं विचारत होतास?"


हिरण्यकेशी

अगदी बरोबर. आणि त्याच्या बाजूनेही बघा. याने स्वतःहून सांगितलं, पण दुसरा न विचारताच उघडा पडला. आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही असं समजून तो आईशी जे बोलत होता, ते सगळं समोर बसलेल्याने ऐकलेलं आहे. त्याला चोरी झाल्यासारखं वाटेल, आणि ते चूक नाही.


मलप्रभा

मग त्या फोनवर फक्त स्थळंच का असावीत? 'तुझ्या खोलीतला तो मराठी मुलगा कसा आहे' असं आईने कधीतरी विचारलंच असेल. आणि हा आईला सांगून गेला असेल, की तो घरी नसला की मला जेवण जात नाही. मित्र म्हणूनच, पण सांगून गेला असेल. मराठीत तोंडावर जे कधी बोलला नाही, ते सगळं कन्नडमध्ये त्याच्यासमोर बसून आईला सांगितलंय. म्हणजे मराठी नायकाने 'नोडोण'ही ऐकलंय आणि हेही ऐकलंय. ते ऐकायला मिळणं बंद होईल म्हणूनही तो गप्प राहिला असेल.


दोन्ही_भाषा

मलप्रभा आक्का, हे मला सुचलं नव्हतं. घेतो. मिठी काढली. दुसरा उठून हात धुतो, थोडा वेळ मोरीपाशीच उभा राहतो आणि पाठमोराच विचारतो, "मी आईला तुझ्याबद्दल जे बोलायचो, ते पण?" हा "व्हय" म्हणतो.


जुना_कॅम्प

त्याला पाठमोराच राहू द्या. वळायची घाई नको.


दोन्ही_भाषा

नाही करत घाई काका. पुढचा भाग दोन दिवसांनंतरचा, आईचा परत फोन येतो तिथून सुरू करतो. या वेळी दोघांनाही माहीत आहे की दोघांनाही कळतंय. निपाणीच्या आक्का, ती आई मला छळणारीही करायची नाही आणि देवीही. मुलगा 'नोडोण' म्हणायचं थांबवून सरळ नाही म्हणाला, तर ती पहिला प्रश्न काय विचारेल? तुम्ही तिचे दोन-तीन प्रश्न लिहून द्याल का? कन्नडमध्ये मी आणतो.


निपाणीकर_आक्का

देते. पहिला प्रश्न ती लग्नाचा विचारणार नाही. "तुला कुणी काही बोललं का रे, की तब्येत बरी नाही?" असं विचारेल. दुसरा विचारेल, "मग म्हातारपणी तुला कोण?" या प्रश्नाला मुलगा एकदम उत्तर देऊ शकणार नाही, कारण उत्तर समोरच बसलेलं असेल. बाकीचे उद्या सकाळी लिहिते, आता डोळे दुखतायत.